‘आमच्या मुलीचा चान्स किती?’

ऑक्टोबर लागला की या सदराच्या टपालात एकच प्रश्न निरनिराळ्या अक्षरांत येऊ लागतो. अमेरिकेतल्या एका पब्लिक हायस्कूलच्या काउन्सेलर ऑफिसात माझी सगळी नोकरी झाली, त्यामुळे प्रश्न नवा नाही. या वेळी एका पत्राला सविस्तर उत्तर देते आहे. बाकीच्यांनी रागावू नये. तुमच्या पत्रांतलं बरंचसं त्यातच येतं.

प्रश्न : नमस्कार ताई. आमची मुलगी न्यू जर्सीतल्या पब्लिक स्कूलमध्ये सीनियर (बारावीत) आहे. जीपीए (शाळेतल्या गुणांची सरासरी) ४.०, अवघड विषयांना जास्त वजन देऊन, म्हणजे वेटेड, ४.६. एसएटी ही प्रवेश परीक्षा १६०० पैकी १५६०. एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे विषय, एकूण ११ होतील; आतापर्यंत सगळ्यांत ५, फक्त फिजिक्समध्ये ४. भरतनाट्यमचं अरंगेत्रम (रंगमंचावरचा पहिला एकल कार्यक्रम) झालंय. मॅथ टीमची कॅप्टन, हॉस्पिटलमध्ये व्हॉलंटियर, उन्हाळ्यात एका प्राध्यापकांकडे रिसर्च, शिवाय गरजू मुलांना वह्या-पुस्तकं देणारी तिची स्वतःची नॉनप्रॉफिट. बायोलॉजी आणि कॉम्प्युटर दोन्ही करायचंय. लिस्ट अशी : हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, स्टॅनफर्ड, कोलंबिया, पेन, ड्यूक, जॉन्स हॉपकिन्स, आणि सेफ्टी (जिथे प्रवेश नक्की मिळेल असं कॉलेज) म्हणून रटगर्स. ह्यांनी एक्सेलमध्ये हिशेब मांडलाय की प्रत्येक ठिकाणी ५ टक्के धरले तरी नऊ ठिकाणचे मिळून ४५ टक्के, म्हणजे एक तरी लागायला हरकत नाही. तुमच्या अनुभवावरून खरे टक्के सांगाल का? आणि ॲक्टिव्हिटीत काही कमी पडतंय का? रविवारी मराठी शाळेत छोट्यांना शिकवते, पण ते लिहिण्यासारखं आहे का, कळत नाही.
— एक आई

उत्तर : आधी ‘ह्यांचं’ एक्सेल बघू, कारण घरातली वादावादी तिथूनच सुरू झालेली दिसते. टक्क्यांची अशी बेरीज होत नाही. होत असती, तर वीस ठिकाणी अर्ज टाकणाऱ्या प्रत्येकाला हमखास एक प्रवेश मिळाला असता. कॉमन ॲपवर, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या सामाईक ऑनलाइन अर्जावर, तर बरोब्बर वीस कॉलेजं लावता येतात. म्हणजे तेवढी फी भरली की झालं! गणित नीट केलं तर नऊ ठिकाणचे मिळून ३७ टक्के होतात, पण तेही खरे धरू नका. नऊ कॉलेजं नऊ वेगवेगळे फासे टाकत नाहीत. फाइल एकच जाते : तीच गुणपत्रिका, त्याच दोन शिक्षकांची पत्रं, जवळजवळ सगळीकडे तोच साडेसहाशे शब्दांचा एसे. ज्या मुलाचं शिफारसपत्र कोमट आहे, त्याचं ते नऊही ठिकाणी कोमटच वाचलं जातं. म्हणून काही मुलांना चार ठिकाणी ‘हो’ येतं आणि बरेच गुण असलेल्या कितीतरी मुलांना एकही येत नाही.

आता गुणांचं. एशियन मुलांना प्रवेशात डावललं जातं या तक्रारीवरून हार्वर्डवर खटला चालला, तेव्हा एरवी कपाटात राहणारे आकडे कोर्टात आले. २०१५ साली ज्या वर्गाला प्रवेश दिला, त्यासाठी अमेरिकेतूनच आलेल्या अर्जदारांपैकी सुमारे ३,४०० जणांना एसएटीच्या गणितात पैकीच्या पैकी होते, २,७०० जणांना इंग्रजीत, आणि परफेक्ट जीपीए असलेले ८,००० हून जास्त होते. एकूण प्रवेश, परदेशी मुलं धरून, सुमारे दोन हजार. तुमची मुलगी हुशार आहे यात शंकाच नाही, पण या रांगेत हुशारी हे तिकीट नसून रांगेत उभं राहण्याची परवानगी आहे. १५६० चे १५९० करण्यासाठी पुन्हा परीक्षा देऊ देऊ नका. तो शनिवार तिला झोपू दे.

२०२४ च्या प्रवेशात हार्वर्डने ५४,००८ अर्जांतून १,९३७ मुलं घेतली, म्हणजे ३.५९ टक्के. पण हा आकडासुद्धा तुमच्या मुलीचा नाही. त्याच खटल्यात दिसलं की निवडून घेतलेले खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुलं, डीनच्या खास यादीतली मुलं आणि प्राध्यापकांची मुलं मिळून अर्जदारांत ५ टक्केही नसतात, पण प्रवेश मिळालेल्यांत त्यांचा वाटा ३० टक्क्यांच्या आसपास असतो. या चारांत तुम्ही बसत नसाल तर उरलेल्या जागांसाठी तुमची रांग. (एमआयटी माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप देत नाही, जॉन्स हॉपकिन्सनेही ते बंद केलंय. सगळ्यांना एकाच तराजूत घालू नये.) म्हणून मी टक्के सांगणार नाही. कुणी कन्सल्टंट पैसे घेऊन सांगत असेल तर तो कॉलेजच्या ढिगाबद्दल सांगतोय, तुमच्या मुलीबद्दल नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि मला खरं बोलायचंय ते याच्याबद्दल.

तुमची यादी वाचताना नॉनप्रॉफिटच्या ओळीवर माझ्या कपाळाला आठी पडली. वाईट वाटून घेऊ नका. हल्ली दर तिसऱ्या फाइलमध्ये एक संस्थापक-अध्यक्ष असतात. वेबसाइट असते, लोगो असतो, आणि खर्च कुणी केला विचारलं तर बाबांचं क्रेडिट कार्ड असतं. अर्ज वाचणाऱ्यांनी हे इतक्यांदा पाहिलेलं असतं की ओळ संपायच्या आत त्यांची नजर खाली सरकते. तुमच्या मुलीने खरंच स्वतः फोन करून, दारोदार फिरून वह्या जमवल्या असतील, तर किती, कुणाला, कुठल्या शाळेत ते लिहा. नसतील तर ती ओळ खालच्या नंबरला जाऊ दे. कॉमन ॲपवर दहा ॲक्टिव्हिटी मांडता येतात, आणि क्रम तुम्हीच ठरवायचा असतो.

मराठी शाळेचं मात्र तुम्ही शेवटच्या ओळीत, जाता जाता लिहिलंत. मी तुम्हाला त्याबद्दल ईमेल करून विचारलं आणि तुमचं उत्तर मूळ पत्रापेक्षा दुप्पट लांब आलं! तिच्या वर्गातल्या मुलांना ‘ळ’ आणि ‘ल’ यातला फरक कानालाच कळत नव्हता. म्हणून तिने वेळ-वेल, काळा-काला, मूळ-मूल अशा जोड्यांची चित्रांची कार्डं केली. मग कुठलं मूल कुठल्या जोडीला अडतं याचा दर रविवारी तक्ता भरला, आणि पुढच्या आठवड्याची कार्डं त्या तक्त्यावरून बनवली. मधल्या काळात सॉकरमुळे गळती लागली तेव्हा स्वतः पालकांना फोन करून वर्गाची वेळ बदलून घेतली. ताई, हे तुम्हाला ‘लिहिण्यासारखं’ वाटत नाही? बायोलॉजी आणि कॉम्प्युटर करू पाहणारी मुलगी कशी विचार करते, ते या तक्त्यात रिसर्चच्या ओळीपेक्षा स्वच्छ दिसतंय. रिसर्चमध्ये तिच्या वाट्याला बहुधा दुसऱ्याचा डेटा नीटनेटका करायचं काम आलं असेल. इथे प्रश्नही तिचा आणि डेटाही तिचा.

वर्णनाला दीडशे अक्षरं मिळतात, शब्द नव्हेत, अक्षरं, जागा धरून. तेवढ्यात ‘संस्कृतीचं जतन’, ‘नेतृत्वगुण’ वगैरे भरायला गेलात तर कार्डं आणि तक्ता बाहेर राहतील. मुलं किती, अडचण काय, तिने काय केलं, वर्षाच्या शेवटी किती मुलं टिकली, एवढंच लिहू दे. आणि तिनेच लिहू दे. मुख्य एसेसुद्धा यावरच लिही, असं मी म्हणत नाही. एसे तिचा आहे, आणि अरंगेत्रमच्या आदल्या दिवशी काय झालं याबद्दल तिला कदाचित जास्त सांगायचं असेल. मराठी शाळेमुळे येलचं दार उघडेल असा अर्थही काढू नका. हजारो चांगल्या फाइलींत ही एक खरी फाइल होईल, इतकंच. तेवढं तिच्या हातात आहे.

शिफारसपत्रांचं थोडक्यात. ज्या फिजिक्समध्ये ४ आले, त्या शिक्षकांशी तिचं कसं आहे? मूल अडतं, विचारतं, पुन्हा करतं, हे ज्याने पाहिलंय तो लिहितो तेव्हा पत्रात प्रसंग येतात. ‘वर्गात पहिली, नम्र, कष्टाळू’ असं लिहिणारे हवे तितके मिळतात.

आता लिस्ट. ही लिस्ट तुमच्या मुलीची नाही, नामांकित कॉलेजांची आहे. कोलंबियात कोअर करिक्युलम सक्तीचा. सगळ्यांनी तेच अभिजात ग्रंथ वाचायचे, त्यावर बोलायचं. काही मुलांना तो स्वर्ग वाटतो, काहींना शिक्षा. तिला विचारलंत? एमआयटीत कुठलाही विषय घ्या, फिजिक्स आणि कॅल्क्युलस चुकत नाही. एकीकडे आनंदाने जाणारं मूल दुसरीकडेही तितक्याच आनंदाने जाईल, हे नावं वाचून कळत नाही.

शिवाय तुमच्या लिस्टला डोकं आहे आणि पाय आहेत, मधलं धड नाही. ड्यूक-हॉपकिन्सनंतर एकदम रटगर्स! मध्ये केस वेस्टर्न, युनिव्हर्सिटी ऑफ रोचेस्टर, मेरीलँड, विस्कॉन्सिन, पिट्सबर्ग ही नावं बघा. तिच्या विषयांना ही ठिकाणं दुय्यम नाहीत. पिट्सबर्गला रोलिंग ॲडमिशन आहे, म्हणजे अर्ज जातील तसे निकाल लागतात. लवकर अर्ज केला तर डिसेंबरच्या धाकधुकीआधी एक ‘हो’ हातात असू शकतो. त्याने घरातलं हवामान किती बदलतं, ते मी ऑफिसात बसून पाहिलंय.

आणि रटगर्सला ‘सेफ्टी’ म्हणताना घरात आवाज कसा होतो, तेही ऐका. मुलं ऐकत असतात. तिथे ऑनर्स कॉलेज आहे. एक दिवस तिला घेऊन जा, वर्गात बसू द्या, लॅब बघू द्या. जिथे जायची वेळ आली तर तोंड पाडून जावं लागेल, ते कॉलेज लिस्टमध्ये ठेवूच नये. त्याच्या जागी दुसरं, जिथे तितकीच खात्री आहे आणि तिला आवडतं, असं शोधा. माझ्या मते लिस्ट खालून वर करत जावी. वरची नावं काय, कुणालाही पाठ असतात.

अर्ली डिसिजनबद्दल, म्हणजे एका आवडत्या कॉलेजात इतरांच्या आधी अर्ज करण्याबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, पण त्याची मुदत, १ नोव्हेंबर, दाराशी आलीय. पेन, कोलंबिया, ड्यूक, हॉपकिन्स इथे अर्ली डिसिजन बांधून घेणारं असतं : मिळालं की जायचं, बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड यांचं अर्ली बांधून घेत नाही, मात्र त्यांच्याबरोबर दुसऱ्या खासगी कॉलेजात अर्ली अर्ज करू देत नाहीत. अर्ली डिसिजनचे टक्के मोठे दिसतात खरे, पण त्यात निवडून ठेवलेले खेळाडूही मोजलेले असतात. म्हणून ते तिचं खरंखुरं पहिलं आवडतं कॉलेज असेल, आणि पैशांचं बोलणं आधी झालेलं असेल, तरच. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर, मदत वजा जाता तुम्हाला किती खर्च येईल ते सांगणारा नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, कायद्यानेच ठेवावा लागतो. आज रात्री भरून बघा. हार्वर्ड, एमआयटी आणि पेनने २०२५-२६ पासून वर्षाला दोन लाख डॉलरपर्यंत उत्पन्न आणि बेताची मालमत्ता असलेल्या घरांना ट्यूशन, म्हणजे शिकवण्याची फी, माफ केली आहे. तुमच्या घरात दोन पगार येत असतील तर कदाचित तुम्ही त्या रेषेच्या पलीकडे असाल, आणि मग वर्षाचा खर्च नव्वद हजारांच्या घरात जातो. हे एक्सेल ह्यांना जरूर करू द्या. त्यात बेरीज चालते.

प्रश्न : मावशी, मी टेक्सासमध्ये ज्युनियर (अकरावीत) आहे. शाळेत टॉप ५ टक्क्यांत आहे. एसएटी १४७०. पुन्हा द्यावी का? आई म्हणते दे, बाबा म्हणतात टेस्ट ऑप्शनल आहे, स्कोअर दिला नाही तरी चालतं, नको. मला कॉम्प्युटर सायन्स हवंय.

उत्तर : तुझे बाबा दोन-तीन वर्षांपूर्वीचं बोलतायत. एमआयटीने २०२२ मध्येच परीक्षा परत सक्तीची केली. डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक यांनी २०२४ मध्ये. येलला एसएटीऐवजी एपीचे गुणही चालतात. याच्या उलट कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं, बर्कली-यूसीएलए सगळी, एसएटी पाठवलीस तरी प्रवेश देताना बघत नाहीत. तुझ्या जवळच्या यूटी ऑस्टिनला स्कोअर द्यावाच लागतो.

ऑस्टिनचंच नीट समजून घे. २०२६ च्या प्रवेशापासून तिथे टेक्सासमधल्या टॉप ५ टक्के मुलांना आपोआप प्रवेश आहे, आधी ६ होते. रँक टिकवलीस तर विद्यापीठात जागा पक्की, पण कॉम्प्युटर सायन्समध्ये नाही. त्या जागा वेगळ्या आणि मारामारीच्या. तिथे नाही मिळालं तर गणित किंवा दुसऱ्या विषयात त्याच कॅम्पसवर राहायला तुला आवडेल का, हे आत्ताच स्वतःला विचारून ठेव.

कुठे किती लागतो हे ऐकीव नको. कॉलेजच्या नावापुढे ‘कॉमन डेटा सेट’ असं लिहून शोध. त्यात सी९ या भागात प्रवेश घेतलेल्या मुलांच्या मधल्या निम्म्यांचे गुण असतात, आणि सी७ मध्ये कॉलेज कशाला किती महत्त्व देतं ते. हार्वर्डची खालची कड पंधराशेच्या आसपास आहे. तुझी तयारी अर्धवट झाली होती असं तुलाच वाटत असेल तर वसंतात एकदा दे. मग पुरे. आईला माझं नाव सांग.

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियातले. मुलगा तबला वाजवतो, रोबोटिक्समध्ये आहे, गुण उत्तम. एका कन्सल्टंटने सांगितलं, ‘इंडियन दिसेल असं काही लिहू नका, एशियन मुलांना कापतात.’ तबला काढून टाकावा का? संताप येतो, पण नुकसानही नको.

उत्तर : संताप समजतो आणि तो हवेतला नाही. हार्वर्डच्या खटल्यात दिसलं की एशियन अमेरिकन अर्जदारांना अभ्यासात वरचे गुण मिळत होते, पण ‘पर्सनल रेटिंग’ नावाच्या, स्वभावाला गुण देणाऱ्या रकान्यात सरासरीने कमी. यामागे जाणूनबुजून भेदभाव आहे असं खालच्या कोर्टाने २०१९ मध्ये मानलं नाही. २९ जून २०२३ ला सुप्रीम कोर्टाने प्रवेश देताना वंशाचा विचार करणंच बेकायदा ठरवलं. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी निकालात हेही लिहिलं की आपल्या वंशामुळे आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदार सांगू शकतो, आणि कॉलेज ते त्या एका व्यक्तीचा अनुभव म्हणून विचारात घेऊ शकतं.

पुढे काय झालं? पहिल्याच वर्षी एमआयटीत एशियन अमेरिकन मुलांचं प्रमाण ४० वरून ४७ टक्क्यांवर गेलं, येलमध्ये मात्र ३० वरून २४ वर आलं. म्हणजे ‘आता आपल्याला मोकळं रान’ असं म्हणणारेही चुकले आणि ‘अजून कापतात’ हे एका आकड्यावरून सिद्ध करणारेही.

तबला काढून टाकल्यावर अर्जात काय राहतं? रोबोटिक्स आणि गुण. कन्सल्टंटला ज्या साच्याची भीती वाटते, तो साचा तेव्हाच जास्त दिसेल. आडनाव तर वरच्या ओळीत आहेच. तबल्याचं लिहायचं तर ‘भारतीय वारसा’ नको. झपतालाच्या दहा मात्रा हाताला बसत नव्हत्या तेव्हा तो काय करायचा, ते लिहू दे. आणि असा सल्ला देणाऱ्याला फी देत असाल तर तो रकाना मात्र खुशाल काढून टाका.

प्रश्न : मी पुण्याहून लिहितोय. भाची बारावीत आहे, गणितात फार चांगली. ताई-भाऊजींना अमेरिकेचा खर्च झेपणारा नाही. एकाने सांगितलं की अर्जात ‘आर्थिक मदत नको’ असं लिहावं, प्रवेश मिळाला की मग मागावी. हे चालतं का?

उत्तर : नाही हो मामा, तो सल्ला ऐकू नका. परदेशी विद्यार्थ्याने अर्ज करताना मदत मागितली नाही तर नंतर मागता येत नाही, असा बऱ्याच कॉलेजांचा नियम आहे. मग हातात प्रवेशपत्र आणि भरायला पैसे नाहीत अशी अवस्था होते, आणि ते बघवत नाही.

कॉलेजांचे दोन गट करा. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲम्हर्स्ट, आणि २०२२ पासून डार्टमथ व बोडन इथे परदेशी मुलांनी मदत मागितली म्हणून प्रवेशाचा निर्णय बदलत नाही, आणि घेतलं तर लागेल तेवढी मदत देतात. बाकीच्या बहुतेक ठिकाणी मदत मागितल्याने रांग आणखी लांबते. तरी मागायचीच, कारण तिला ती लागणार आहे. पहिल्या गटातही जागा फार थोड्या. एमआयटी तर परदेशी मुलांची संख्या ठरवूनच घेते. तेव्हा भारतातल्या प्रवेश परीक्षांची तयारी सोडायला सांगू नका, दोन्ही चालू दे.

पैशांसाठी बरीच कॉलेजं सीएसएस प्रोफाइल नावाचा फॉर्म मागतात. भाऊजींचे उत्पन्नाचे दाखले आणि रिटर्न आत्ताच एका फाइलमध्ये लावून ठेवा, तारखा प्रवेश अर्जाच्या आसपासच असतात. आणि ‘आर्थिक मदत हवी आहे का?’ या प्रश्नापुढे ‘हो’ लिहा.